मोठा प्लॅन घेण्याआधी : कमी पैशात लिनक्स सर्व्हर सांभाळताना

पत्र

मी एका छोट्या संस्थेत हिशेबाचं आणि सभासदांच्या नोंदींचं काम बघते. कॉम्प्युटरमधलं बऱ्यापैकी कळतं, म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडले. दोन व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) आहेत, प्रत्येकी दोन जीबी रॅमचे. एकावर सेंटओएस ७ हे लिनक्स आणि संस्थेची वर्डप्रेसची साइट, दुसऱ्यावर उबंटू २२.०४ हे लिनक्स आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये बंद करून चालवणारं सॉफ्टवेअर) सभासद नोंदणीचं अ‍ॅप्लिकेशन. शिवाय ऑफिसात एक जुना डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू असतो. आधी हे बघणारे सहकारी नोकरी सोडून गेले, लिहून काहीच ठेवलेलं नाही. अलीकडे साइट मध्यरात्री बंद पडते, सकाळी येऊन रीबूट केलं की चालू होते. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या. वरिष्ठ म्हणतात यंदा जास्तीचा पैसा नाही. बॅकअप, मॉनिटरिंग, सिक्युरिटी यांवर वाचायला गेलं की प्रत्येक जण नवं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

मोठा प्लॅन आत्ता घेऊ नका. साइट का पडते हे अजून कुणीच पाहिलेलं नाही. कारण न शोधता रॅम दुप्पट केली, तर मध्यरात्री पडणारी साइट कदाचित पहाटे पडेल, एवढाच फरक होईल. छोट्या संस्थेच्या वर्डप्रेस साइटला दोन जीबी पुरतात, मांडणी नीट असली तर. तुमच्याकडे खरी चणचण आहे ती वेळेची. हिशेब आणि नोंदी सांभाळून उरलेल्या वेळात तुम्ही हे बघता. म्हणून खाली सुचवलेली प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर निवडली आहे : ती केल्यावर तुम्हाला लक्ष ठेवावं लागणाऱ्या गोष्टी कमी होतात की वाढतात? वाढत असतील तर ते सॉफ्टवेअर फुकट असलं तरी तुम्हाला परवडणारं नाही.

सर्व्हरला हात लावण्याआधी एक काम कागद-पेन घेऊन करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, डीएनएस (डोमेनचं नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणारी नोंद) कुठे आहे, होस्टिंगचं खातं कोणत्या ईमेलवर उघडलंय, बिल कोणत्या कार्डातून जातं, हे चार प्रश्न आहेत. सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर ही खाती असणं सर्रास आढळतं. तो मेलबॉक्स बंद झाला की नूतनीकरणाच्या सूचना कुणालाच दिसत नाहीत आणि एक दिवस डोमेनच हातचं जातं. डिस्क गेली तर बॅकअपवरून पुन्हा उभं राहता येतं. डोमेन दुसऱ्या कुणी घेतलं तर कोणताही बॅकअप कामाला येत नाही. खाती संस्थेच्या ईमेलवर आणा, टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) चालू करा, रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवा. त्याच बैठकीत दोन्ही व्हीपीएसवर रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) आणि प्रत्येक यूजरच्या होम डिरेक्टरीतली ‘ऑथराइज्ड कीज’ फाइल (पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्यांची, म्हणजे कीजची यादी) उघडून बघा आणि ज्या कीचा मालक तुम्हाला सांगता येत नाही ती काढून टाका. यात त्या सहकाऱ्यांवर अविश्वास नाही. त्यांचा लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर ती की कुणाच्या हातात असेल हे त्यांनाही ठाऊक नसेल.

मग बॅकअप. साइट रात्री पडते आहे तरी आधी बॅकअपच, कारण बाकीची दुरुस्ती करताना काही बिघडलं तर परत यायला जागा हवी.

सबंध सर्व्हरची प्रतिमा जपून ठेवायची गरज नाही. लिनक्स पुन्हा टाकता येतं, अपाची हा वेब सर्व्हर पुन्हा टाकता येतो. परत मिळणार नाही अशा गोष्टी मोजक्याच असतात : डेटाबेस, वर्डप्रेसची ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ डिरेक्टरी, ‘ईटीसी’खालच्या सेटिंग्ज, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), कोणते कंटेनर कसे चालवायचे हे सांगणारी डॉकरची कंपोज फाइल, तिच्याशेजारची पासवर्ड वगैरे असलेली ‘एन्व्ह’ फाइल आणि डॉकर डेटा जिथे ठेवतो ते व्हॉल्यूम. ही यादी लिहून काढली की लक्षात येईल, सगळं मिळून काही जीबीच्या पलीकडे जात नाही. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका. ती प्रत अर्धवट निघू शकते. ‘मायएसक्यूएलडम्प’ला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावून डम्प (सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेली प्रत) काढा. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर साइट न थांबवता एकसंध प्रत मिळते. अ‍ॅप्लिकेशन पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असेल तर ‘पीजी डम्प’. आणि डॉकरच्या बाबतीत एक धोका आजच लक्षात ठेवा : नुसत्या ‘डॉकर कंपोज डाऊन’ने व्हॉल्यूम पुसले जात नाहीत, पण त्याला ‘-व्ही’ जोडलं की कंपोज फाइलमधले नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. सभासदांच्या नोंदी बहुधा त्यातच असतील.

बॅकअप ठेवायचा कुठे? होस्टिंगवाल्यांचा स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) सोयीचा असतो, पण तो त्याच खात्यात राहतो. बिल थकलं, खातं गोठलं किंवा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, तर सर्व्हर आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदम जातात. तुमच्याकडे ऑफिसचा डेस्कटॉप आहे, त्याला कामाला लावा. व्हीपीएसनी डेस्कटॉपकडे ढकलण्यापेक्षा डेस्कटॉपने रोज रात्री एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सुरक्षित मार्गाने) जाऊन डम्प आणि फाइली ओढून आणाव्यात. एक तर डेस्कटॉप राउटरच्या आड आहे, त्यामुळे बाहेरून आत यायला पोर्ट उघडावा लागत नाही. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं : उद्या वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनमधून कुणी सर्व्हरमध्ये घुसलंच, तरी त्या सर्व्हरकडे बॅकअप पुसायचा अधिकारच नसतो. डेस्कटॉपची की व्हीपीएसवर ठेवताना तिला ‘आरआरसिंक’ची फक्त-वाचण्याची मर्यादा घाला, म्हणजे डेस्कटॉपमध्ये कुणी घुसलं तरी त्या कीने सर्व्हरवर काही बदलता येणार नाही.

आणलेलं सगळं, शिवाय फाइल सर्व्हरवरच्या मूळ फाइली, ‘रेस्टिक’ने एका वेगळ्या डिस्कवर आणि दुसरीकडे भाड्याच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरची साठवणीची जागा) टाका. रेस्टिक फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, डेटा कूटबद्ध करूनच ठेवतं आणि न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही, त्यामुळे रोजचा बॅकअप महिनोन्‌महिने ठेवूनही जागा फारशी वाढत नाही. सात रोजचे, चार आठवड्यांचे, बारा महिन्यांचे एवढे ठेवले तरी पुष्कळ झालं. फाइलींची हुबेहूब प्रत उतरवणाऱ्या ‘रसिंक’ने आरसा ठेवणं एवढंच पुरेसं नाही : आज फाइल खराब झाली तर रात्री खराब फाइलच चांगलीवर जाऊन बसते. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कायमचा गेला, त्याला मागचं दार नाही. तो कागदावर लिहून त्याच कपाटात ठेवा. या पत्रात मी तुम्हाला खर्च सुचवणार आहे तो एवढाच : बाहेरची एक डिस्क, काही जीबी ऑब्जेक्ट स्टोरेज आणि पुढे सर्व्हर बदलताना थोडे दिवस दोन सर्व्हरचं भाडं. मोठ्या प्लॅनच्या वाढीव भाड्यापेक्षा हे बहुतेक ठिकाणी कमीच पडतं.

आता गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी स्वतःच जगासमोर तपशीलवार मांडली आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायची म्हणून आज्ञा दिली, आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. बॅकअपच्या एक-दोन नव्हे, अनेक सोयी त्यांच्याकडे होत्या. रोजचा ‘पीजी डम्प’ मात्र कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण डम्प काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा होता आणि डेटाबेस ९.६ चा. बिघाडाची ईमेल जायची, पण मेल सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी एका चाचणीसाठी हाताने काढून ठेवलेला स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला. तिथे माणसं हुशार होती, पैसाही होता. फक्त रिस्टोअर करून कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून तुमचं पुढचं काम रिस्टोअर, आणि इथे तुमचा एक जुना प्रश्न आपोआप सुटतो. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. त्यानंतर त्या सर्व्हरला सुरक्षेचं एकही नेहमीचं अपडेट मिळालेलं नाही, त्यामुळे तो बदलावाच लागेल. जागच्या जागी अपग्रेड करत बसू नका. तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारा एक नवा व्हीपीएस घ्या, त्यावर नवं लिनक्स टाका आणि तुमच्या बॅकअपमधून, फक्त बॅकअपमधूनच, साइट उभी करा. जुन्या सर्व्हरवर डोकावायचं नाही. जिथे अडाल तिथे तुमच्या बॅकअपच्या यादीत काय राहून गेलंय ते कळेल : एखादा क्रॉन जॉब, एखादी पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) सेटिंग, साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट. प्रत्येक पायरी एका वहीत लिहीत जा, ती वहीही त्याच कपाटात राहू द्या. साइट चालली की तुमच्या हातात तीन गोष्टी असतील : तपासलेला बॅकअप, नवा सर्व्हर, आणि आधीच्यांनी न लिहिलेली माहिती. मग डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांनी किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, साइटवर नवं काही टाकणं थांबवून शेवटचा डम्प नव्या ठिकाणी चढवा आणि पत्ता बदला. जुना सर्व्हर आठवडाभर तसाच राहू द्या आणि मग आठवणीने बंद करा, नाहीतर दोन्हींचं भाडं चालू राहतं.

लिनक्स कोणतं? माझं मत डेबियन. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि दीर्घ मुदतीचा पाठिंबा धरून तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. तुमची दुसरी पेटी उबंटूची आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर टाकायच्या ‘एपीटी’च्या त्याच आज्ञा दोन्हीकडे चालतील. सेंटओएससारखं, रेड हॅटच्या धर्तीचंच हवं असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी ९, त्यांना २०३२ पर्यंत सुरक्षेची अपडेट आहेत. काहीही घ्या, पण पुढे सगळीकडे एकाच जातीचं ठेवा. दोन वेगळ्या जातींचे सर्व्हर म्हणजे तुमच्या वेळेवर दुप्पट बोजा.

हे सगळं व्हायला काही आठवडे लागतील. तोवर रात्रीचं पडणं थांबवू या, ते काम अर्ध्या तासाचं आहे.

रीबूटने साइट चालू होते, पण रीबूटने पुरावाही जातो. सेंटओएस ७ वर जर्नल (सिस्टिमची नोंदवही) बहुधा मेमरीतच असतं, त्यामुळे ‘जर्नलसीटीएल’मध्ये आदल्या रात्रीचं काही सापडणार नाही. मात्र ‘व्हार’खालच्या ‘लॉग’ डिरेक्टरीतली ‘मेसेजेस’ ही फाइल डिस्कवर टिकते. तिच्यात ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ हे शब्द ‘ग्रेप’ने शोधा. माझा अंदाज असा की तिथे ‘मायएसक्यूएलडी’चं, म्हणजे डेटाबेसच्या प्रोग्रामचं, नाव सापडेल. रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारून जागा करतो आणि सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली निवडतो. छोट्या वेब सर्व्हरवर ती प्रोसेस म्हणजे डेटाबेस. डेटाबेस मेला, अपाची मात्र जिवंत, म्हणून पानावर ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ असा संदेश येतो.

मेमरी खाल्ली मात्र डेटाबेसने नाही, अपाचीने. सेंटओएस ७ वर तो बहुधा प्रीफोर्क पद्धतीने चालतो : एका वेळी येणाऱ्या प्रत्येक विनंतीला एक स्वतंत्र प्रोसेस, आणि प्रत्येकीच्या पोटात पीएचपी. अशा किती प्रोसेस उघडायच्या याची मर्यादा ‘मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स’ ही सेटिंग ठरवते. कुणी बदलली नसेल तर ती २५६ असते. आता हिशेब तुमच्या हातचा आहे. ‘पीएस’ किंवा ‘टॉप’मध्ये एका प्रोसेसची ‘आरईएस’ मेमरी (तिने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) बघा; समजा ६० एमबी. २५६ गुणिले ६० म्हणजे १५ जीबी. सर्व्हरमध्ये आहेत दोन. दिवसा दहा-बारा माणसं साइट बघतात तेव्हा काही होत नाही. रात्री एखादा बॉट लॉगिनच्या पानावर किंवा ‘एक्सएमएलआरपीसी’वर (बाहेरच्या सेवेतून वर्डप्रेसवर लिहायचा मार्ग) एका झटक्यात शंभर विनंत्या टाकतो आणि खेळ आटोपतो. प्लॅन चार जीबींचा घेतला असता तरी पंधरासमोर चार किती पुरणार?

उलटा हिशेब करा. २०४८ एमबीतले ३०० सिस्टिमला, ४०० डेटाबेसला, २०० फाइलींच्या कॅशसाठी. उरले साधारण ११५०. भागिले ६०, म्हणजे १९. मर्यादा १५ ठेवा. सोळावी विनंती परत जात नाही, रांगेत थांबते. बघणाऱ्याला पान थोडं उशिरा दिसतं, पण सर्व्हर उभा राहतो. प्रोसेसनी आपसात वाटून घेतलेली मेमरी ‘आरईएस’मध्ये प्रत्येकीच्या नावावर धरली जाते, त्यामुळे हा अंदाज चुकलाच तर सुरक्षित बाजूला चुकेल. नव्या सर्व्हरवर अपाचीऐवजी एनजिनेक्स आणि पीएचपी-एफपीएम घ्याल तेव्हा हाच हिशेब ‘मॅक्स चिल्ड्रन’ या सेटिंगला लावा.

जोडीला चार छोट्या गोष्टी. एक जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, ती अडीअडचणीपुरती. स्वॅप सतत भरलेली आणि सतत हलती दिसली तर ती उपाय राहत नाही. वर्डप्रेसला पानं साठवून ठेवणारं एक साधं कॅश प्लगइन टाका, म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा पीएचपीतून काढावं लागत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून किंवा तशा कुठल्या सेवेतून लिहीत नसाल तर एक्सएमएलआरपीसी बंद करा. आणि डेटाबेसच्या सर्व्हिसला ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने ‘रीस्टार्ट = ऑन-फेल्युअर’ ही ओळ जोडा. त्याने मूळ दुखणं जात नाही, पण मध्यरात्री पडलेला डेटाबेस सकाळपर्यंत तुमची वाट बघत बसत नाही.

‘फ्री -एम’ बघून घाबरू नका. ‘फ्री’चा आकडा नेहमीच कमी असतो, कारण रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशला वापरतं आणि लागली की सोडून देतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा स्तंभ. आणि सर्व्हर रिकामा असूनही कूर्मगतीने चालत असेल तर ‘टॉप’मधल्या सीपीयूच्या ओळीत ‘एसटी’ किती आहे ते बघा. तो आकडा मोठा असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या भाडेकरूंकडे जातो आहे. अशा वेळी सेटिंग बदलून उपयोग नाही, होस्टिंग बदला.

डिस्क भरणं हे दुसरं नेहमीचं कारण. ‘डीएफ -एच’ जागा दाखवतं, ‘डीएफ -आय’ आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद; त्यांची संख्या ठरलेली असते). जागा असूनही ‘जागा नाही’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा लाखो बारक्या सेशन किंवा कॅश फाइलींनी आयनोड संपलेले असतात. मोठी लॉग फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर ती अजून कुणीतरी उघडी धरून ठेवली आहे; ‘एलएसओएफ +एल१’ त्या प्रोसेसचं नाव सांगतं, ती रीस्टार्ट केली की जागा परत मिळते. डॉकरच्या सर्व्हरवर एक गोष्ट लगेच करा. डॉकर कंटेनरचे लॉग जेसन फाइलीत ठेवतो आणि आपण सांगितल्याशिवाय त्यांना मर्यादा घालत नाही, त्या वर्षानुवर्षं वाढत राहतात. ‘डीमन डॉट जेसन’मध्ये ‘मॅक्स-साइझ’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ करा. ही मर्यादा जुन्या कंटेनरना लागू होत नाही, त्यामुळे व्हॉल्यूमना धक्का न लावता कंटेनर नव्याने उभे करा.

सुरक्षेवर तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय, म्हणून इथे फक्त फसगत होते त्या दोन जागा.

पहिली एसएसएचची. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त की ठेवायची, हे सगळेच सांगतात. पण उबंटूवर मुख्य फाइलीत ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन नो’ लिहूनही पासवर्ड चालूच राहिल्याचं आढळतं. कारण ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ या डिरेक्टरीतली ‘क्लाउड-इनिट’ने (नवा सर्व्हर पहिल्यांदा मांडणारा प्रोग्राम) टाकलेली फाइल आधी वाचली जाते, तिच्यात ‘येस’ असू शकतं, आणि एसएसएच पहिली भेटलेली किंमत धरतं. फाइल वाचून समाधान मानू नका, ‘एसएसएचडी -टी’ (मोठ्या लिपीतला टी) चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते बघा. आणि बदल करताना चालू असलेलं एक सत्र उघडंच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच ते बंद करा.

दुसरी डॉकरची. तुमच्या उबंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉल चालू असेल आणि तिच्यात डेटाबेसचा पोर्ट बंद असेल, तरीही कंपोज फाइलीत ‘५४३२:५४३२’ अशी ओळ असेल तर तो पोर्ट जगाला उघडा असू शकतो. डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) घालतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. त्या ओळीच्या आधी ‘१२७.०.०.१:’ (म्हणजे फक्त हाच सर्व्हर) जोडा, किंवा बाहेरून कुणाला लागतच नसेल तर ओळ काढून टाका. मग डेस्कटॉपवरून उघडे पोर्ट शोधणाऱ्या ‘एनमॅप’ने दोन्ही व्हीपीएस तपासा. एसएसएचचा २२ आणि वेबचे ८०, ४४३ यांखेरीज काही उघडं दिसलं तर ते का आहे याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

बाकी आपोआप अपडेट टाकणारं ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू ठेवा. ते कर्नलचं अपडेट टाकतं, पण मूळ सेटिंगमध्ये रीबूट करत नाही, आणि रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो. ‘व्हार रन’मध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली की सोयीच्या वेळी रीबूट करा. वर्डप्रेसमध्ये जी प्लगइन वापरात नाहीत ती नुसती बंद न करता पुसा, उरलेल्यांची आपोआप अपडेट चालू करा. तुमच्यासारख्या सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर बहुतेक तिथूनच घुसेल. फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड टाकत राहणारे पत्ते अडवणारं सॉफ्टवेअर) नसलं तरी चालेल, पासवर्डच बंद असल्यावर ते मुख्यतः लॉगमधली गर्दी कमी करतं.

मॉनिटरिंगसाठी प्रोमिथियस आणि ग्राफाना टाकायचा मोह होईल. चांगली सॉफ्टवेअरं आहेत, पण तीन पेट्यांसाठी ती सांभाळणं हेच चौथ्या पेटीचं काम होऊन बसेल. तुम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्यात. एक, साइट बाहेरून उघडते का. हे सर्व्हरच्या आतून कळत नाही, बाहेरच्या सेवेने दर पाच मिनिटांनी बघायला हवं, आणि नुसतं पान आलं एवढं न बघता पानावरचा एखादा ठरलेला शब्द शोधायला सांगा, नाहीतर बिघाडाचा संदेश दाखवणारं पानही ‘चालू’ धरलं जाऊ शकतं. ‘अपटाइम कुमा’ हा अशी तपासणी करणारा प्रोग्राम ऑफिसच्या डेस्कटॉपवर टाकलात तरी हे काम होतं. दोन, रात्रीचा बॅकअप झाला का. इथे बिघडल्यावर ईमेल येण्यावर विसंबू नका; गिटलॅबला तीच ईमेल मिळाली नव्हती. उलट करा : बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी, सगळं यशस्वी झालं तरच, ‘कर्ल’ने ‘हेल्थचेक्स’सारख्या सेवेला एक हाक द्या. ठरल्या वेळेत हाक आली नाही की ती सेवा तुम्हाला कळवते. डेस्कटॉपच बंद पडला असेल तरी हे चालतं. छोट्या वापराला ही सेवा फुकट आहे.

सर्टिफिकेटची मुदतही त्याच बाहेरच्या तपासणीत घाला. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं त्यांनी जून २०२५ पासून थांबवलं आहे. जुन्या सवयीने त्या ईमेलची वाट बघाल तर ती येणार नाही.

डेस्कटॉपबद्दल. ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत बघा, हार्ड डिस्कच्या यादीत पाचव्या क्रमांकाचा ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि १९७ वा ‘पेंडिंग’ हे आकडे शून्य असावेत. वाढताना दिसले तर डिस्क बदला, वाट बघू नका. दोन डिस्क ‘एमडीएडीएम’ने जोडून रेड १ केलंत तर एक डिस्क गेल्यावर काम थांबत नाही, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते, म्हणून रेडला बॅकअप समजू नका. विजेचाही हिशेब धरा. ६० वॅटची पेटी वर्षभर चोवीस तास चालली तर सुमारे ५२५ युनिट होतात, १० वॅटच्या छोट्या संगणकाला ८८ पुरतात. आत्ता बदलायची गरज नाही, पण ही पेटी मोडेल तेव्हा नवी घेताना हे दोन आकडे वरिष्ठांसमोर ठेवा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका : पैसे वाचवायला संस्थेची ईमेल स्वतःच्या व्हीपीएसवर आणणं. कित्येक होस्टिंगवाले ईमेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात. तो उघडला तरी स्वस्त व्हीपीएसचे आयपी पत्ते आधीच्या कुणाच्या उद्योगांमुळे काळ्या यादीत असू शकतात, आणि तुमची पत्रं स्पॅममध्ये जातात हे तुम्हाला कळतही नाही. ईमेल भाड्याचीच बरी.

वरिष्ठांकडे यंदा मोठ्या प्लॅनसाठी पैसे मागू नका, वेळ मागा. आठवड्यातले दोन तास, कॅलेंडरवर ठरवलेले, ज्यात हिशेबाचं काम कुणी आणून देणार नाही. पहिले काही आठवडे त्यात स्थलांतर होईल. नंतर अपडेट, रीबूट आणि दर तीन महिन्यांनी एकदा रिस्टोअरचा सराव एवढंच उरेल. शिवाय संस्थेतला आणखी एक माणूस मागा. त्याला लिनक्स येण्याची गरज नाही. कपाटातली ती वही कुठे आहे, होस्टिंगच्या खात्यात शिरून कन्सोल कसा उघडायचा आणि बाहेरच्या कुणाला मदतीला बोलावलं तर त्याच्या हातात काय द्यायचं, एवढं त्याला माहीत हवं. एकदा तुम्ही शेजारी बसून, काही न बोलता, त्याला फक्त वही वाचून साइट रीस्टार्ट करायला लावा. जिथे तो अडेल ती ओळ त्याच वेळी सुधारून लिहा.